अर्धेदादांचं निरोपाचं भाषण

बेकरीच्या भट्टीपुढे उभा जन्म काढलेल्या त्या माणसाला सगळे अर्धेदादा म्हणायचे. कारण गड्याच्या तोंडून पुरं वाक्य कधी निघालंच नाही. "आज मैदा जरा..." म्हणून थांबायचे आणि बायकोकडे बघायचे. गल्ल्यावर बसलेली वहिनी तिथूनच ओरडायची, "सैल झालाय! पाणी बेतानं घाला रे."

"वहिनी, लग्नाला होकार तरी पुरा दिला का यांनी?" कामावरची पोरं विचारायची.

"कुठला! 'मला ही मुलगी' म्हणाले नि थांबले. 'पसंत आहे' मीच म्हटलं."

गेल्या थंडीत वहिनी तापाचं निमित्त होऊन गेली. मागोमाग दादांच्या निवृत्तीचा दिवस आला. मालकानं निरोपाचा कार्यक्रम ठेवला. जन्मात दादा बायकोला चांगला म्हणून एक शब्द बोलले नव्हते. तो चारचौघांत बोलायचाच, असं दादांनी मनाशी धरलं.

सून शाळेत शिकवायची. म्हणाली, "मामंजी, मधलं लोक विसरतात, शेवटचं वाक्य घरी नेतात. आभारांचं गुऱ्हाळ नको. एकच गोष्ट, सावकाश, समोर बघून."

दादा घोकायला बसले. निम्म्यावर गाडी अडायची.

"आणि पुढे? उद्या अडलात तर मी उठून बोलू का?" सून म्हणाली.

"नको. हे माझं मलाच..."

"बोलायचंय," सून बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

मैद्याची पोती भिंतीला सारून खुर्च्या मांडल्या होत्या. दादा बरे बोलले. लोक दोनदा हसलेही. मग शेवट आला.

"भट्टी मी पेटवली. पण ती विझू दिली नाही, ती..."

थांबले. मान सवयीनं गल्ल्याकडे वळली. तिथं स्टूल होतं, नुसतं.

"आपण सगळ्यांनी!" मालक खुर्चीतून गरजला. टाळ्यांचा कडकडाट उठला. दादांनी हात वर केला, तर लोकांना वाटलं नमस्कार करतायत.

"काय शेवट केलात दादा!" मालकानं पाठ थोपटली.

घरी निघाल्यावर सून म्हणाली, "मालकांना अडवलं का नाहीत?"

"अडवणार होतो, पण..."

पुढचं तिला येत होतं. ती बोलली नाही. रस्ताभर दादांचे ओठ हलत राहिले. उंबऱ्याशी चपला काढता काढता एकदाचं निघालं, "माझ्या बायकोनं."

ऐकायला सून होती आणि कुलूप लावलेलं दार.