तापलेला रस्ता

उन्हाळ्यात डांबर वितळल्याचा वास आला की मला लोणारचं एक लग्न आठवतं. आम्ही मुलीकडचे. नवरदेवाचे जोडे लपवायचा मान मेहुणीचा. पण मी तिशीतला घोडा, हौस दांडगी, म्हणून नवरदेवाच्या मामांच्या चपलाही पळवल्या. मामा शाळामास्तर, स्वभावाने गरीब. पंगतीत शेजारीच बसून सांगत होते, "सहा महिने झाले, तळपायाले नुसत्या मुंग्या येऊन राह्यल्या." मी म्हटलं, "मामा, आज वरातीत नाचा, सगळ्या पयून जातीन!" अनवाणी मामा तापल्या डांबरावर उड्या मारतील आणि मांडव हसेल, असा माझा बेत होता. जेवण झालं, चपला दिसेनात, तसे मामा हात धुवायला अनवाणीच निघाले. भर दुपारी, अगदी संथपणे, रस्त्यापलीकडच्या टाकीपर्यंत गेले आणि तसेच परत आले. "काय कडक माणूस हाय बे!" म्हणत मी टाळ्या पिटल्या. मामा ओट्यावर टेकले, पाय वर घेतला, तर तळवाभर फोड टरारले होते. मामी धावत आल्या. "अहो, चपला कुठी हायेत तुमच्या?" मामांनी माझ्या काखेतल्या चपलांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "मीच इसरलो कुठीतरी." मामी पाणी आणायला वळल्या तशी त्यांनी मला हळूच विचारलं, "रस्ता लय गरम होता का रे?" मी काखेतल्या चपला काढून त्यांच्या पायाशी ठेवल्या. आता पन्नाशीत माझ्याही तळपायांना मुंग्या येतात. अंगणात पाऊल टाकण्याआधी मी फरशीला हात लावून पाहतो, आणि मनातल्या मनात सांगतो, होता मामा, लय गरम होता.