गप बसणाऱ्यांचा ठराव

खापरदऱ्याच्या केसरबाईला राग आला की ती आधी पदर खोचते, मग बोलते. पदर खोचला की समोरच्यानं आपली वाट धरावी, एवढं गावातल्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी माळावर जी पिवळी जेसीबी उभी होती, तिला हे कुणी सांगितलेलं नव्हतं.

पोळा होऊन गेलता. केसरबाई रोजच्यासारखी काठी घेऊन कुरणाच्या राखणीला गेली आणि बघते तर मांडीला लागणाऱ्या गवतातून चाकांचा हा एवढा रुंद पट्टा गेलेला. पवन्या काय, मारवेल काय, सगळं आडवं. जागोजाग लाल रंगाचे लोखंडी खुंटे ठोकलेले. पट्ट्याच्या टोकाला जेसीबी आणि तिच्या सावलीत बसून डायव्हर भाकर खात होता. चांगला मिशा पिकलेला बाप्या.

"कुणाच्या बापाचं कुरण समजलास रं हे?"

"मावशी, मपल्यावर कावून तापायलाव?" डायव्हर परळीकडचा होता, त्यानं घास काही खाली ठेवला नाही. "तुमच्या गावानंच दिलंय कंपनीला. सोलारच्या प्लेटा बसणार हायत हितं."

"गावानं? कवा दिलं?"

"झेंड्याच्या सभेत. एकमतानं ठराव झालाय म्हणं, एकाचाबी इरोध न्हाई. म्या तर म्हणलं, लई समजूतदार गाव दिसतंय."

केसरबाईची काठी वर गेली आणि तिथंच थांबली. त्या सभेत ती स्वतः पहिल्या रांगेत बसलेली होती.

नेकनूरच्या पुढं घाट चढला की खापरदरा. काळी जमीन चार-सहा घरांकडं, बाकीच्यांच्या वाट्याला खडक. आजूबाजूची गावं दसरा झाला की ओस पडतात. माणसं कोयता घेऊन साखर कारखान्याला जातात, मागं म्हातारी आणि शाळेची लेकरं. खापरदऱ्यातली बरीच घरं जात नाहीत, कारण त्यांच्या दावणीला शेळ्या आहेत, एखादी म्हैस आहे आणि त्यांना वर्षभर पुरेल एवढं गवत माळावर आहे.

हे गवत काही आपोआप आलं नाही. केसरबाई सून म्हणून आली तेव्हा माळाला नुसतं टक्कल होतं. तिचा नवरा कारखान्यावर उसाच्या ट्रॉलीखाली गेला. ती गावात परत आली ती पुन्हा कोयता धरायचा नाही एवढंच ठरवून. मग तिनं, बांगड्या विकणाऱ्या कमरजहाँनं आणि अजून काही बायकांनी माळावर चर खोदले आणि कुऱ्हाडबंदी, चराईबंदी लावली. पहिली सहा-सात वर्षं सगळ्या गावानं त्यांना शिव्या घातल्या. माळावर गवत उभं राहिलं तेव्हा शिव्या घालणारेच विळे घेऊन पुढं आले. तेव्हा कायदा ठरला : एका चुलीचा एक विळा. पन्नास एकरवाला असो की भूमिहीन, घरामागं एकच विळा माळावर येणार. सगळ्यांनी मिळून कापायचं, सारख्या पेंढ्या वाटायच्या, गावाबाहेर काडी विकायची नाही. आजारी माणसाचा वाटा शेजाऱ्यानं कापायचा.

आणि हे सगळं ठरायचं ते पिराच्या ओट्यावर, गवताच्या बैठकीत. त्या बैठकीची एक रीत होती, ती नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यापायी झाला. ज्याला गोष्ट मान्य असेल त्यानं मोठ्यानं "हाय" म्हणायचं. ज्याला मान्य नसेल त्यानं मान खाली घालून गप बसायचं. शेजाऱ्याला तोंडावर "न्हाई" म्हणायचं नाही. तोंडावर न्हाई म्हणलं की ते डोक्यात बसतं, मग बांधावर कुऱ्हाडी निघतात. गावानं पूर्वी ते बघितलेलं. म्हणून गप बसणं हाच नकार. दोन-चार माणसं जरी गप राहिली, तरी विषय बाजूला पडायचा. पुढच्या गुरुवारी पुन्हा.

पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेला कंपनीचा साहेब आला. पांढरा सदरा, पडद्यावर चित्रं, पडीक माळाचा विकास, गावाचं कल्याण. मग ग्रामसेवकानं विचारलं, "कुणाचा विरोध आहे का?"

सगळं गाव मान खाली घालून गप.

कमरजहाँ तेवढी उठली. म्हणाली, "मला बोलायचं हाय." केसरबाईनंच तिचा पदर धरून तिला खाली बसवलं. "बस गं, कमर. गाव गप बसलंय, कळंल त्यास्नी. कावून तोंड खराब करतीस?"

घरी जाताना बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. एकानंही हाय म्हणलं न्हाई, साहेबाचं तोंड कसं पडलं, म्हणून. साहेबाचं तोंड पडलं नव्हतं. तिकडं ग्रामसेवक लिहीत होता : विरोध नाही, ठराव एकमताने मंजूर.

हे सगळं केसरबाईच्या ध्यानात आलं ते जेसीबीसमोर उभं राहून. आधी तिला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावं वाटलं. मग तिनं पदर खोचला आणि ती विजयसिंहाच्या बंगल्याकडं निघाली.

विजयसिंह गावचा पुढारी. गावात कुणाच्या पोराला कामाला लावायचं, कुणाचा दवाखाना, कुणाचं घरकुल, सगळं त्याच्या ओसरीवरून जातं. सोलारवाल्यांना गावात त्यानंच आणलं होतं. केसरबाई आली तेव्हा तो झोपाळ्यावर होता.

"या काकू. चहा टाका गं."

"चहा तुझ्या कंपनीला पाज. इज्या, तुझा बाप गवताच्या बैठकीत मपल्या शेजारी बसायचा. तू त्याच्या मांडीवर मोठा झालास. गाव गप बसलं म्हंजी काय, तुला म्हाईत न्हवतं?"

विजयसिंहानं झोपाळा पायानं थांबवला. खोटं बोलला असता तर बरं झालं असतं. पण तो शांतपणे म्हणाला, "मला म्हाईतय, काकू. सरकारला म्हाईत न्हाई."

केसरबाईला आता कळलं. म्हणजे अडाण्यानं घात केला नव्हता. घरातल्याच माणसानं घरातली रीत नेऊन विकली होती.

"तुझ्या तोंडात माती पडो!"

"पडू द्या. तुमाला सभा पुन्हा पायजे ना? दोन ऑक्टोबरला घेऊ. ठराव फिरवायचा तर फिरवा. पण गप बसून चालायचं न्हाई, तोंड उघडून इरोध करावा लागंल, आन् तोबी मपल्या तोंडावर. कोण उघडतंय ते मलाबी बघू द्या."

तो हसला नाही. त्याची खात्रीच होती, हसायचं काय कारण?

तोवर कमरजहाँनं बायका गोळा करून जेसीबीपुढं बसवल्या. डायव्हरला कुणाशी भांडण नको होतं. त्यानं मशीन बंद करून खाली नेली आणि सभा होईपर्यंत येणार नाही असं मालकाला कळवलं.

त्या दिवसापासून केसरबाई दारोदार फिरू लागली. विनवण्या तिला कधी जमल्या नाहीत. दारात उभी राहायची आणि सुरू व्हायची, "शेळ्या सोलारच्या प्लेटा खाणार हायत का बे? का प्लेटांखाली लेकरं बांधून पुन्हा कोयत्याला जाणार?" लोक ऐकून घ्यायचे. कुणी पाणी द्यायचं. "केसरबाई, आमी तुमच्याच संगं हाव," म्हणायचे. "मग सभेत बोलणार का?" म्हणलं की बैलाला चारा टाकायची आठवण व्हायची.

सख्ख्या दिराच्या, रामकिसनच्या दारात तर कहर झाला.

"वैनी, मपल्या पोराला कंपनीत राखणदाराची नोकरी लागायलीय," रामकिसन म्हणाला. "महिन्याच्या महिन्याला पगार. तुमच्या गवतानं काय दिलं?"

"तुपली म्हैस काय हवा खाऊन दूध देती? दोन वर्सं पाऊस न्हवता, तवा कुणाच्या पेंढ्यांवर दावण टिकवली?"

"म्हशीमागंच राहायचं का जलमभर? पोरगं शिकलंय."

"शिकलंय आन् राखण कशाची करणार? आपल्याच माळावर, आपल्यालाच आत येऊ न द्यायची?"

रामकिसन उठून आत गेला. केसरबाई त्याच्या रिकाम्या ओसरीला बराच वेळ शिव्या देत राहिली.

दोन ऑक्टोबरला शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध खुर्चीवर विजयसिंह, शेजारी कंपनीचा साहेब. ग्रामसेवकानं घसा साफ करून विचारलं, "माळाच्या ठरावाला कुणाचा विरोध आहे का?"

केसरबाई उठली. "मपला इरोध हाय. केसरबाईचा. लिव्ह."

"एक विरोध. आणखी?"

केसरबाईनं मागं वळून बघितलं. सगळ्या माना खाली. तिला एकेक मान कळत होती. ही माणसं तिच्याच बाजूची होती, जीव तोडून विरोध करत होती आणि त्यांच्या त्याच विरोधानं माळ चालला होता. विजयसिंह घड्याळ बघत होता. तेव्हा तिचा जो स्फोट झाला तो गावानं आजवर ऐकला नव्हता.

"वर बघा! माना वर करा, मुडद्यांनो! ह्यो पिराचा ओटा न्हाई! हितं गप बसला त्यानं माळ दिला! सुग्रीव, तुझ्या बायकूनं पोटुशी असताना चर खोदलेत. बोल की! का तिला पाठवू बोलायला? बंकट, तुला वाचा हाय का गेली? शेळी इकताना तर बाजार डोक्यावर घेतोस!"

कमरजहाँ ताडकन उठली. "मपला इरोध! मागच्या टायमाला ह्या बाईनंच मला बसवलं, आज कोण बसवतंय बघते!" लोक हसले. तिचा नवरा रहीम कोपऱ्यात खाली बघत होता. विजयसिंहाचे ट्रॅक्टर, जीप, सगळं दुरुस्तीला त्याच्याकडंच यायचं. कमरजहाँ त्याच्याकडं वळली. "अवं, मुंडी खाली कायको? जीप का इंजन बाद में देखो!"

रहीम उठला, कपाळाचा घाम पुसला आणि विजयसिंहाकडं न बघता म्हणाला, "इरोध हाय, साहेब." आवाज एवढा बारीक की ग्रामसेवकानं "काय?" विचारलं. दुसऱ्यांदा तो ओरडलाच, "इरोध हाय म्हणलं ना!"

मग सुग्रीव उठला. बंकट उठला. एकेकाला ते बोलणं दात उपटून घेतल्यासारखं जड जात होतं. कुणी डोळे मिटून बोललं, कुणी बोलून झाल्यावर सरळ बाहेरच निघून गेलं. बायका मात्र एकदा सुटल्या त्या थांबेनात. ग्रामसेवकानं मोजणं सोडून दिलं.

शेवटी रामकिसन उभा राहिला. भावजयीच्या डोळ्याला डोळा देऊन म्हणाला, "म्या सोलारला हाय म्हणतो." सगळ्या व्हरांड्यात तेवढा एकच होकार. रीतीप्रमाणं तोच एकटा सरळ वागला होता.

ठराव रद्द झाला. साहेब पडदा गुंडाळून गाडीत बसला. विजयसिंह जाता जाता केसरबाईजवळ थांबला.

"जिंकलात, काकू. पण गावाला तोंडावर न्हाई म्हणायला शिकवलंत. आता तुमची गवताची बैठक चालवून दाखवा."

"चालवीन. आन् तिथं तुझ्याबी एकाच विळ्याला जागा हाय, दुसरा आणलास तर हात मोडीन," केसरबाई म्हणाली. पण त्याचं बोलणं तिला लागलं. कारण तो आतल्या गोटातला माणूस होता, कुठं दुखतं ते त्याला ठाऊक होतं.

दसऱ्यानंतरच्या गुरुवारी पिराच्या ओट्यावर बैठक बसली. कापणी कधी लावायची, एवढाच विषय. सुग्रीव म्हणाला, सोमवारी. एरवी ज्याला सोमवार नको तो मान घालून गप बसला असता. बंकट उठून म्हणाला, "न्हाई! मपलं सोयाबीन काढायचं राहिलंय."

सुग्रीवचं तोंड लाल झालं. "मला न्हाई म्हणतोस बे? मला?"

"का, तू काय कलेक्टर हायस?"

मग काय विचारता. दोन वर्षांपूर्वीची बांधावरची बाभूळ निघाली, कुणाच्या लग्नातलं जेवण निघालं. सुग्रीवनं बंकटच्या सदऱ्याला हात घातला आणि बटणं ओट्यावर सांडली. रहीम मध्ये पडला, त्याला दोन्हीकडून बसल्या. म्हातारी माणसं केसरबाईकडं बघायला लागली. तुझ्यामुळं झालं हे, असं कुणी म्हणलं नाही, पण नजरा तेच म्हणत होत्या.

केसरबाईला त्या नजरांचा भयंकर राग आला. विजयसिंहाचा आला, सोलारवाल्यांचा आला, आणि ज्यांचं गवत वाचलं तेच आता कुरकुरत होते म्हणून सगळ्यांत जास्त ह्यांचा. ती ओट्यावर चढली.

"सोडा त्याचा सदरा! आन् माझ्याकडं काय बघता? तुमची रीत गेली, व्हय, मीच मोडली. मोडली न्हसती तर आज हितं प्लेटा असत्या आन् तुमी उसाच्या फडात. आता ऐका. हितनं म्होरं गप बसलेला माणूस धरायचा न्हाई, न हिकडं न तिकडं. न्हाई म्हणायचं तर कावून न्हाई तेबी सांगायचं. बंकट, सांग. सोयाबीन किती राहिलंय?"

"अर्धं," बंकट फाटक्या सदऱ्यावर हात धरून म्हणाला.

"सुग्रीव, तुला सोमवारच कावून?"

"मंगळवारपासून लेकीकडं जायचंय," सुग्रीव खाली बघून पुटपुटला.

"मोठ्यानं बोल."

"लेकीकडं जायचंय!"

"मग हे आधी बोलायला काय झालतं तुमाला?"

बैठक अंधार पडेपर्यंत चालली. शिव्या झाल्या, दोघं रुसून उठून गेले, एकाला कमरजहाँनं बाही धरून परत आणलं. कापणीचा दिवस काही ठरला नाही. केसरबाईनं उद्या पुन्हा बसायचं म्हणून सांगितलं आणि घसा बसलेला असतानाही, घरी जाणाऱ्या प्रत्येकाला नावानं हाक मारून, येणार की नाही ते तोंडानं वदवून घेतलं.