आखाजीला अमेरिका विरुद्ध जपान

माझी गाडी अमेरिकेची आहे. म्हणजे कंपनी अमेरिकेची. गाडी बनली आपल्याच देशात आणि चालते बुऱ्हाणपुरात. ती कंपनी इथला धंदा गुंडाळून निघून गेली, त्यालाही काही वर्षं झाली. मी गेले नाही, गाडीही गेली नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना म्हातारीचं मन शेवटी वळवलं असेल, अशी कुणी आशा धरायला नको.

आमचे हे नेपानगरला कागदाच्या मिलमध्ये होते. रिटायर झाल्यावर आम्ही इथे घर बांधलं, तापीकडे थोडी केळीची जमीन घेतली, आणि ही गाडी. गाडी त्यांनी माझ्या नावावर घेतली आणि शिकवलीही त्यांनीच, नेपानगरला नेऊन, मिल कॉलनीतल्या मोकळ्या रस्त्यावर. माझा क्लच सुटला की गाडी बेडकासारखी उडी मारायची, आणि हे दाराला घट्ट धरून म्हणायचे, ‘हळू हो, अजून नातवंडांची लग्नं बघायची आहेत मला.’ ते गेले. तेव्हापासून दर गुरुवारी मी एकटी नेपानगरला जाते. तिथे कॉलनीतल्या माझ्या तीन मैत्रिणी आहेत. मग आम्ही चौघी कधी असीरगढचा घाट चढतो, कधी कुणाच्या शेतातल्या कैऱ्या भरून आणतो. कुणाला विचारायचं नाही, कुणी सोडायला येतं का म्हणून दारात ताटकळायचं नाही. चावी देवघराजवळच्या खिळ्याला असते. काढली की निघाले.

तर यंदा मुलानं जपानी कंपनीची नवी गाडी बुक केली. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, मुहूर्त धरून. आणि माझी एक्स्चेंजमध्ये द्यायची, हे सगळं ठरवून झाल्यावर मला सांगितलं.

“दोन गाड्या कशाला आई? दारात जागा कुठे आहे?”

“मग गुरुवारी मी कशी जाणार?”

“मी सोडेन ना.”

“तुला वेळ नसला तर?”

“तर शुक्रवारी जा. काय फरक पडतो!”

फरक काय पडतो ते त्याला कळलं असतं तर मग काय हवं होतं. नव्या गाडीला लावायची चावीसुद्धा नसते; किल्ली खिशात ठेवायची आणि बटण दाबायचं. खिसा कुणाचा, ते सांगायला नकोच.

मी म्हटलं, “गाडी माझ्या नावावर आहे. मी सही देणार नाही.”

“बघू,” म्हणाला. ‘बघू’ म्हणजे आखाजीला बहीण आणि जावई येतील, सगळे मिळून हिला समजावू.

आखाजी उजाडली. पित्रांसाठी ह्यांच्या नावाची घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. तेवढ्यात नवी गाडी आली. सुनेनं ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पांढरीशुभ्र गाडी, आत मोतिया रंगाच्या सीटा, अगदी सायीसारख्या. सुंदर होती हो, खोटं कशाला बोलू.

आमच्या घरची एक रीत आहे. नवं वाहन आलं, मग ती बैलगाडी असो की मोटारसायकल, पहिली फेरी शेताची. चाक बांधाला लावायचं आणि तिथून रिकामं यायचं नाही, शेतातलं काहीतरी घेऊनच यायचं. मुलगा गेला. पित्रांच्या घासाला आणि जेवायला केळीची पानं लागणारच होती, तीच घेऊन आला. मी खापरावर मांडे भाजत होते, हात पुरणात. बाहेर बघायला फुरसत कुणाला? त्यानं पानं मागच्या सीटवरून उचलून आणून दिली, गाडी उन्हात लावली, आणि आम्ही जेवायला बसलो.

आमरस वाढेपर्यंत सगळे गोड. मग जावयांनी सुरुवात केली. ते पुण्याकडे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहेत. मला मामी म्हणतात, आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात.

“मामी, जपानी माणूस कसा असतो सांगू? आधी येऊन बघतो. तुमचा रस्ता कसा, तुमचा खिसा कसा, गाडीत माणसं किती कोंबता. मग गाडी बनवतो. अमेरिकन आधी बनवतो आणि मग म्हणतो, घ्या.”

“मग वाईट काय? मी घेतली ना.”

“तुम्ही घेतली, बाकीच्यांनी नाही घेतली. म्हणून तर गेले.”

मुलाची मुलगी, माझी कॉलेजातली नात, कुरडई मोडत म्हणाली, “आजी, तेरी तो कंपनीच भाग गयी यार!”

सगळे हसले. मीही हसले. पोरगी तिखट आहे, माझ्यावर गेली आहे.

“अहो, खुद्द अमेरिकेत लोक जपानी गाड्या घेतात,” जावई म्हणाले. “छोट्या गाड्या बनवणं तर तिथल्या कंपन्यांनी जवळपास सोडूनच दिलं. मोठमोठे ट्रकसारखे धूड तेवढे बनवतात.”

“अमेरिकेतल्यांना काय घ्यायचं ते घेऊ दे. मी बुऱ्हाणपुरात राहते.”

“पण आई, ॲव्हरेज बघ,” मुलगा म्हणाला. “पार्ट बघ. उद्या काही तुटलं तर?”

“मिस्त्री इंदूरहून मागवतो. मागच्या खेपेला चार दिवसांत आलं. आणि घाटात तुझं ॲव्हरेज काय करणार? चौघी बसलेल्या, एसी चालू, आणि माझी गाडी असीरगढ चढते की नाही विचार त्यांना.”

“चढते ना,” माझी लेक म्हणाली. “पण आवाज असा करते, की किल्ल्यावरची वानरं आधीच पळतात.”

“आता तर अमेरिकेचं सरकार बाहेरच्या गाड्यांवर टॅक्स लावतंय,” मी म्हटलं. बातम्या मीही ऐकते. “म्हणजे त्यांनाही आपल्या कारखान्यांची काळजी आहे.”

जावयांनी बोट वर केलं. “इथेच सापडलात, मामी! टॅक्सचा आधार घ्यावा लागतो, म्हणजेच हरले की नाही?”

आता मला राग आला. “जावईबापू, मी मिलच्या कॉलनीत जन्म काढला आहे. बाहेरचा कागद स्वस्त, बाहेरचा कागद गुळगुळीत, हे ऐकतच म्हातारी झाले. ज्यांनी रात्रपाळ्या करून कागद काढला, ती माणसं काय बिनकामाची होती?”

“तसं नाही मामी, पण शेवटी मिलचं काय—”

लेकीनं त्यांना असं कोपरानं ढोसलं की घास खाली पडला. देवघरापाशी ह्यांची घागर होती, सगळ्यांची नजर नेमकी तिकडेच गेली.

मीच बोलले. “बोलू द्या त्यांना. खरं तेच बोलत होते. जपानवाले हुशार आहेत, जिंकले, मला मान्य आहे. त्यांनी विचारलं, ऐकलं, लोकांना हवं ते दिलं. अमेरिकावाले आपल्याच तोऱ्यात राहिले. पण हरलेल्याची गाडी दारात ठेवू नये असा काही कायदा आहे का? मी शेअर विकत घेत नाहीये. मला गुरुवारी नेपानगरला जायचं आहे.”

“आई, पाच वाजता शोरूमचा माणूस येतोय,” मुलगा हळूच म्हणाला.

“येऊ दे. त्याला आमरस वाढू.”

जेवणं झाली. नात फोटो काढायला नव्या गाडीत जाऊन बसली आणि तिथून ओरडली, “पापा! ये क्या है?”

आम्ही धावलो. मागच्या मोतिया सीटवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तपकिरी ओघळ. सकाळी ते पाण्यासारखे होते, म्हणून कुणाला दिसले नाहीत. केळीचा चीक असाच असतो. कापल्यावर नितळ, आणि वाळला की कातासारखा चढतो. मग साबण लावा, रॉकेल लावा, जात नाही. शेतात जाणाऱ्या आमच्या प्रत्येकाचा एक सदरा चिकाचा वेगळा ठेवलेला असतो, तो याच्यासाठीच.

माझा मुलगा केळीत वाढला. पान कापलं की देठ खाली करून चीक निथळू द्यायचा, हे त्याला शाळेच्या आधीपासून ठाऊक. पण इतकी वर्षं माझ्या गाडीत पानं कशीही फेकून आणायची सवय. हात जुन्या सवयीनं चालला आणि गाडी नवी होती.

तो लिंबू घेऊन सीट घासत बसला. चाकाखालचंच लिंबू होतं की दुसरं, मी विचारलं नाही.

जावई कमरेवर हात ठेवून बघत होते. म्हणाले, “मामी, जपाननं सगळं विचारलं हो. केळीचं तेवढं विचारायचं राहिलं.”

“अमेरिकेनं तरी कुठे विचारलं होतं?” मी म्हटलं. “माझ्याही सीटा फिक्कटच आल्या होत्या. काळं रेक्झिन मी शिवून घेतलं, खाली गोणपाट मी अंथरलं. कंपन्या गाड्या विकून जातात, बापू. पुढचं आपल्यालाच करावं लागतं.”

पाच वाजता तो माणूस आला. तरुण होता, घामेजलेला. आमरस प्यायला, मग बॅगेतून पेन काढून माझ्यापुढे धरलं. मुलगा सीटवरून उठून आला, हात लिंबानं चिकट.

“आई, अजून एकदा विचार कर. तुला वाटत असेल की आता डाग पडला म्हणून—”

“डागाचं नाव घेऊ नकोस. हा डाग पडला नसता तरी माझं उत्तर हेच होतं. जेवताना सांगितलं, त्याच्या आधीही सांगितलं. गाडी माझी आहे आणि मला हवी आहे.” मग त्या पोराकडे वळले. “बेटा, पेन ठेव. मांडा खाऊन जा.”

“पण मग जागा?” मुलगा म्हणाला.

“तुझी गल्लीत लाव. झाकायला कव्हर घे. माझी दारात राहील.”

सून म्हणाली, “अहो, तिलाही काळं रेक्झिन शिवून आणू या. आईंच्या टेलरकडेच.” मुलानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू ती अमेरिकेला जाऊन मिळाली.

गुरुवारी मी खिळ्यावरची चावी काढली. गाडीनं नेहमीसारखी खोकून सुरुवात केली. मुलगा चहाचा कप घेऊन ओट्यावर आला, जरा घुटमळला.

“आई, येताना शेतावरून येशील? सत्यनारायणाला पानं लागतात. माझ्या गाडीत आता...”

“आणीन ना,” मी म्हटलं आणि गिअर टाकला. “शुक्रवारी चालतील?”