टापांपाशी बोललेलं जावळ

माझ्या थोरल्या भावानं माझ्या लेकीचा नवस एका चिठ्ठीवर लिहिला, यरुशलेमच्या त्या पवित्र भिंतीत खोचायला लावला आणि वर मला पत्रानं कळवलं की विषय मिटला. पत्र हातात पडलं तेव्हा मी बहरीनला, मुहर्रकच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजत उभी होते. चार ओळी वाचल्या आणि शिट्ट्यांचा हिशेब चुकला. त्या दिवशी डाळ करपली आणि नवऱ्यानं ती मुकाट्यानं खाल्ली.

पत्र दीड महिन्यापूर्वीचं होतं. बहरीन आणि इस्राएल यांच्यात तेव्हा ना टपाल होतं ना फोन. भाऊ ठाण्याच्या मावशीला पत्र पाठवायचा, मावशी ते दुसऱ्या पाकिटात घालून भारताचं तिकीट लावून मला धाडायची. माझं उत्तरही त्याच वाटेनं उलटं जायचं. आता दीड महिन्यापूर्वीच्या माणसाशी भांडणार कसं? मी भिंतीशी भांडले, कपाटाशी भांडले, आणि नवऱ्याशी तर भांडलेच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे अलिबागकडचे मराठी बोलणारे ज्यू. अलिबागजवळ खंडाळे गाव आहे. घाटातला, पर्यटकांचा खंडाळा तो वेगळा. तिथं एक काळा खडक आहे आणि त्यावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्यांच्या टापांच्या खुणा आहेत. एलियाहू हन्नाबी, आमचा पैगंबर, तिथूनच रथात बसून आकाशात गेला असं आमचे म्हातारे सांगत आले. म्हणून त्या जागेला आम्ही टापाच म्हणतो. आमच्या पूर्वजांजवळ ग्रंथ नव्हते, धर्मगुरू नव्हते, देवळं तर पुष्कळ नंतरची. त्यांच्याजवळ शनिवारचा विसावा होता, मुलग्यांची सुंता होती, शेमा ही एक प्रार्थना होती आणि हा खडक होता. जगातले बाकीचे ज्यू आम्हाला विसरले होते तेव्हा आम्ही कोण आहोत हे त्या खडकानं लक्षात ठेवलं. हे मी भावाला लिहिलंही होतं. त्यानं उत्तर दिलं, "तू अजून आपल्या पणजोबांच्या तेलघाण्याच्या काळातच आहेस."

माझी लेक हृदयाला भोक घेऊन जन्मली. तीन महिन्यांची असताना मुंबईत तिचं ऑपरेशन झालं. मी आणि नवरा हॉस्पिटलच्या बाकावर होतो. आई मात्र आली नाही. ती एसटीनं खंडाळ्याला गेली, खडकावर कपाळ टेकलं आणि बोलली, "पोर जगू दे. तिचं जावळ मी माझ्या हातानं इथं उतरवीन, इथंच मलिदा वाटीन. तोवर कात्री लागणार नाही." पोर जगली. पुढच्याच वर्षी भाऊ आईला घेऊन इस्राएलला गेला. जाताना आई म्हणाली, "हिवाळ्यात येते." त्यानंतर चार हिवाळे गेले. दरवर्षी भावाला काहीतरी अडचण असायची, आणि आईचा पासपोर्ट भावाच्या कपाटात असायचा.

मीही काही कमी नव्हते. दोनदा लीव्हवर भारतात गेले. एकदा पुण्यात फ्लॅट बघण्यात महिना संपला, एकदा सासरच्या लग्नात. इकडे लेकीचे केस कमरेखाली आले. बहरीनच्या उन्हाळ्यात तिच्या मानेवर घामोळं उठायचं. शाळेतून वहीत चिठ्ठी आली की केस आटोपशीर ठेवा. लेकीला मराठी सगळं कळायचं, पण बोलायची इंग्रजीत. रोज सकाळी वेणी घालताना ती रडायची आणि मी ओरडायची.

भावाच्या त्या पत्रात पुढं लिहिलं होतं, "आईला इतका प्रवास झेपणार नाही. आम्ही तिला भिंतीपाशी नेलं. बायकांची बाजू वेगळी असते, म्हणून चिठ्ठी मी लिहून दिली आणि तिनं आत सरकवली. याहून पवित्र जागा ज्यू माणसाला दुसरी नाही. आता कुठल्याही सलूनमध्ये केस काप." भिंत पवित्र आहेच, त्याला कोण नाही म्हणतंय? हजारो वर्षं आमची माणसं तिच्याकडे तोंड करून प्रार्थना करत आली, खंडाळ्यातली माणसंसुद्धा. पण माझ्या आईनं नवस तिथं बोललेला नव्हता. एकाच्या दारात शब्द द्यायचा आणि दुसऱ्याच्या दारात तो फेडून मोकळं व्हायचं, हा कुठला न्याय? आणि आईनं हे केलं? तिनं स्वतःच्या हातानं? या गोष्टीनं मी सगळ्यात जास्त जळत होते.

रागाला आणखी एक कारण होतं, ते मी कुणाला सांगत नसे. आमच्या आडनावाच्या शेवटी 'कर' आहे. एजंटनं व्हिसाच्या फॉर्मवर धर्माच्या रकान्यात हिंदू लिहिलं आणि आम्ही गप्प बसलो. तेव्हापासून बहरीनमध्ये आम्ही हिंदू. दिवाळीला लोक मिठाई आणायचे, मी हसून घ्यायची. झल्लाकच्या समुद्रावर पिकनिकला आमच्या धर्मात वर्ज्य असलेली कोळंबी आली की मला ॲलर्जी असायची. शुक्रवारी संध्याकाळी शनिवारच्या विसाव्याचे दिवे लावताना पडदा ओढायची. आपल्या खडकासाठी भावाशी भांडणारी मी, माझ्या शेजारणीला मी कोण ते सांगू शकत नव्हते.

आमच्या हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याच्या पौर्णिमेला खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीचा उरूस असतो. त्या वर्षी तो दिवस आला आणि माझं डोकं फिरलं. म्हटलं, त्याला भिंत चालते तर मला माझं स्वयंपाकघर का नाही चालणार? नवरा म्हणाला, "खलास कर एकदाचं," आणि सित्राकडे शिफ्टला गेला. दुपारी मी पोहे भिजवले, नारळ खवला, साखर, वेलची घातली, वर पाच फळं मांडली. मनामाच्या बाजारातून आदल्या दिवशी गुलाब आणून ठेवला होता. मंत्र म्हणणारा हजान नाही, प्रार्थनेला लागतात ते दहा पुरुष नाहीत, काही नाही. लेकीला स्टुलावर बसवलं आणि शिवणाची कात्री घेतली. कानामागची पहिली बट कापली. तेवढ्यात बेल वाजली.

शेजारची भाबी होती. रायगडातली कोकणी मुसलमान, नवरा विमानतळावर कामाला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, हक्कानं 'गो' म्हणणारी. हातात भाकऱ्यांचं ताट घेऊन ती सरळ स्वयंपाकघरात आली, कारण ती कधीच बाहेरच्या खोलीत थांबायची नाही. तिनं परात पाहिली, गुलाब पाहिला, आणि ताट ओट्यावर ठेवलं.

"मलिदा आमीपन करतो गो," ती म्हणाली. "पन आमचा चपातीचा नि गुळाचा. पोह्यांचा मलिदा, वर गुलाब, हा खंडाल्याचा. तुमच्या लोकांचा."

माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. मी म्हटलं, "भाबी, तुम्हाला कसं..."

"माजा बाप बैलगाडी हाकायचा. तुमच्या लोकांना अलिबागेवरनं टापावर न्यायचा. परत येताना दर वर्साला पुडीत मलिदा आनायचा. तू कोलंबी खात नाय, शनवारी बाजारात येत नाय. पैल्या महिन्यातच कललं मला. तू बोलत नव्हतीस, मी कशाला बोलू?" मग तिची नजर फरशीवरच्या बटेवर गेली. "नि ह्या काय?"

मी तिला सगळं सांगितलं. भाऊ, भिंत, चिठ्ठी, पासपोर्ट. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती माझ्यावरच उखडली.

"त्यानं भिंतीत घातली म्हनून तू किचनात कापतेस? मन्नत कुनाची? आईची. जागा कुनी बोलली? आईनं. तुमी भावा-बहिनीनं वाटून घ्यायला ती काय वाडी हाय? ठेव ती कात्री!"

मला असा राग आला की काय सांगू. माझ्या घरात, माझ्या लेकीदेखत, माझ्या धर्मातलं मला ही सांगणार? पण मी कात्री ठेवली. भाबीनं बट उचलून कागदात गुंडाळली आणि मलिद्याची वाटी भरून घेऊन गेली. जाताना म्हणाली, "इंशाल्ला, म्हातारी येईल. तू बोलाव तर खरी."

त्याच दिवशी मी भावाला लिहिलं. केसांना कात्री लागणार नाही. पोर तशीच मोठी होईल, तशीच तिचं लग्न होईल, आणि लोक विचारतील तेव्हा मी तुझं नाव सांगीन. मावशीनं ते पत्र पुढं धाडलं आणि स्वतः फोन करून त्याला वर आणखी चार शब्द सुनावले. पुढच्या उरुसाला आमची काही नातेवाईक मंडळी तिकडून खंडाळ्याला निघाली, त्यांच्याबरोबर त्यानं आईला पाठवलं. मी त्या वर्षीची लीव्ह दुसऱ्या कशालाही दिली नाही.

आई खूप बारीक झाली होती. डोळ्यांनी अंधुक दिसायचं, म्हणून खडकावरच्या खुणा ती हातानं चाचपत राहिली. मंडळींची प्रार्थना झाली, मलिदा झाला. मग तिनं नातीला पुढ्यात बसवलं आणि केस मोकळे करून बोटांनी विंचरायला लागली. विंचरता विंचरता तिचा हात कानामागं थांबला. वर्षभरात ती बट खांद्यापर्यंतच वाढली होती.

"ही एवढी आखूड कशानं गं?" तिनं नातीला विचारलं.

"ममी कट इट," लेक म्हणाली.

आईनं माझ्याकडं तोंड केलं. "काय म्हणते?"

पाच वर्षं मी त्या जागेच्या नावानं भांडत होते. आता त्याच जागेवर उभी राहून मी म्हटलं, "खेळताना दारात अडकून तुटली म्हणते."

आईनं त्या बटेचं सरळ कापलेलं टोक बोटांत फिरवून पाहिलं. तिनं पोलक्यात हात घातला आणि एक घडी झालेली, घामानं मऊ पडलेली चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. अक्षर भावाचं होतं.

"मी घातलीच नाही ती भिंतीत," आई म्हणाली. "भिंतीला हात लावला, रडले, सगळ्यांसाठी मागितलं. हे तेवढं ठेवून घेतलं. बाहेर आल्यावर तो म्हणाला, घातलीस? मी हो म्हटलं."

मला हसू आलं, रडू आलं, आणि एवढं वर्ष मी आईवर जळले त्याची लाज वाटली. मी तोंड उघडणार, तोच तिनं ती आखूड बट पुन्हा चिमटीत धरली.

"मी खोटं बोलले ते शब्द राखायला," ती म्हणाली. "तू कशाला बोललीस?"

आईनं कात्रीसाठी हात पुढं केला, आणि कात्री मीच तिच्या हातात दिली.