मलिहाबादच्या बागेत चार खड्डे

लखनौ शहरात एकही डोंगर नाही. टेकडी नाही, चढण नाही, साधा उंचवटाही नाही. गतिरोधक बांधले नसते तर इथल्या लोकांना चढ-उतार म्हणजे काय ते कळलंच नसतं. अशा शहरात राहून मी इंजिनाची ताकद चारही चाकांना पोचवणारी गाडी घेतली.

गाडी छोटीच, पण अंगापेक्षा रुबाब मोठा. सेल्समन म्हणाला, "सर, बर्फ़, रेत, कीचड़, पहाड़, कहीं नहीं रुकेगी!" महानगर नावाच्या वस्तीतलं आमचं घर ते माझी संशोधन संस्था या वाटेवर यातलं काहीच लागत नव्हतं. पण माणसाने तयारीत असावं, असं माझं मत आहे. (माझी बरीचशी मतं खरेदीच्या वेळीच तयार होतात.)

"चारही चाकं फिरतात म्हणे," माझी बायको सुजाता शेजारच्या मराठी वहिनींना सांगत होती. "आधीच्या गाडीची किती फिरायची, ते मात्र हे सांगत नाहीत."

"फिरतात सगळीच गं! पण जोर कोण लावतं?" मी समजावलं. "साधी गाडी पुढच्या दोन चाकांच्या जोरावर चालते. हिची पुढची चाकं घसरायला लागली, की ही मागच्यांना जागं करते."

"म्हणजे एरवी मागची दोन झोपलेली असतात?"

"तसंच म्हण."

"मग आणखी दोन कशाला आणलीत? घरात एक होतंच की."

समोरच्या पडद्यावर गाडीचं एक छोटं चित्र होतं. ज्या चाकाला जोर मिळेल, त्या चाकाशेजारी हिरव्या रेघा उमटायच्या. दीड वर्षात मागच्या चाकांशी रेघा उमटल्या त्या एकदाच, लखनौतल्याच कपूरथळा भागातल्या बाजारात, आणि त्याही ओल्या शेणावर. मी गाडी थांबवून सगळ्यांना ते दाखवलं. माझी दहा वर्षांची लेक ओवी म्हणाली, "पापा, पीछे वाले गाली दे रहे हैं, चलो ना!" तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच येतं. त्या रेघा पुन्हा दिसतील या आशेने मी सुट्टीच्या दिवशी सहकुटुंब गोमती नगरच्या मॉलच्या पार्किंगचा चढ चढून यायचो. खरेदी न करता मॉलमधून परत येणारं लखनौमधलं आमचं एकमेव कुटुंब असेल.

हे सगळं ठीक चाललं होतं. मग जूनमध्ये दशहरी आंबे खायला अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे सासरे. राहणारे कणकवलीजवळचे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. एकतीस वर्षं त्यांनी कोकणातल्या घाटांतून लाल गाडी वरखाली केली. पावसात, धुक्यात, दरडीच्या कडेने, आणि तीही मागच्या दोन चाकांच्या जोरावर! या माणसाने लग्नाला बारा वर्षं झाली तरी मला एकदाही चांगलं म्हटलं नव्हतं. वाईटही म्हटलं नव्हतं. माझ्या गाडीत ते पुढे बसायचे, दोन्ही हात मांडीवर ठेवायचे, आणि मी वळण घेतलं की त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायचा. बारा वर्षं मी त्या पायाकडे बघत गाडी चालवत आलो होतो. (कदाचित म्हणूनच ते ब्रेक दाबत असतील.)

मला बाकी काही नको होतं. या एका माणसाच्या तोंडून एकदा "चांगलं" ऐकायचं होतं. पीएचडीच्या वेळीही इतकी आस लागली नव्हती.

नवी गाडी मी त्यांना चहूबाजूंनी दाखवली. पडदा दाखवला, रेघा दाखवल्या, चारही चाकं जखडून टाकणारं बटण दाखवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरां. हयसर घाट खंय आसा?"

"घाट नाही, अण्णा."

"मगे चिखल?"

"चिखल... शोधावा लागेल."

तो शोधायला मी त्यांना, सुजाताला आणि ओवीला घेऊन लखनौजवळच्या मलिहाबादला गेलो. तिथल्या एका आमराईचे मालक, खाँसाहेब, माझ्या ओळखीचे होते. त्यांच्या बागेतली माती मी दोनदा तपासून दिली होती. कारण मी व्यवसायाने मातीचा शास्त्रज्ञ आहे. (होय, मातीचाच. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे माझी लाज काढायला उपयोगी पडेल.)

खाँसाहेब पांढऱ्याशुभ्र कुर्त्यात आणि टोपीत फाटकाशी उभेच होते. सलाम झाला, सरबत झालं. झाडांवर पिकत आलेले आंबे बागेच्या पार टोकाला होते. मधल्या पट्ट्यात नुकतीच लावलेली कलमं होती आणि त्यांच्यामधून एक कच्ची वाट गेली होती.

"पैदल चलें? बस दो क़दम है," खाँसाहेब म्हणाले.

"अहो, गाडी आहे ना!" मी म्हणालो. "वो किस दिन काम आएगी?"

खाँसाहेबांनी वाटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "जी, ज़रूर. बस, ज़मीन आज ज़रा-सी नाज़ुक है."

आता, एखादा सातारकर असता तर "ओ साहेब, कालच पाणी सोडलंय, गाडी रुतंल!" असं तीन शेतांपलीकडे ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडला असता. पण लखनौचा खानदानी माणूस पाहुण्याला 'तुम्ही चुकताय' असं तोंडावर सांगत नाही. गुडघाभर चिखलाला तो 'ज़रा-सी नाज़ुक' म्हणतो. आठ वर्षं या शहरात राहून मला एवढं कळायला हवं होतं.

मी रुबाबात खाली उतरलो. वाकलो. वरची चिमूटभर माती बोटांत घेतली, चुरगाळली आणि अण्णांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "वाफसा आहे. उत्तम वाफसा!" माती औत घालायला नेमकी जोगी झाली, की शेतकरी जे म्हणतो ते.

"हुज़ूर, मिट्टी को आपसे बेहतर कौन जानता है," खाँसाहेब म्हणाले, आणि दोन पावलं मागे सरले. ती दोन पावलं मी नोंदवायला हवी होती.

वरचा वाफसा बोटभर होता. त्याखाली दलदल होती.

पंधरा-वीस हात गाडी झोकात गेली. मग तिने नाक खाली घातलं. पुढची चाकं घसरली आणि पडद्यावर मागच्या चाकांशी हिरव्या रेघा झळकल्या. "बघा अण्णा, बघा! मागची जागी झाली!" मी ओरडलो आणि आनंदाच्या भरात अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. साध्या गाडीने दोन खड्डे पाडले असते. माझ्या गाडीने चार पाडले.

"पापा, मैनुअल में लिखा है, पहले लॉक वाला बटन दबाओ," ओवी मागच्या सीटवरून वाचू लागली.

बटण दाबलं. चारही चाकं एकदिलाने रुतली.

"लिखा है, ट्रैक्शन कंट्रोल ऑफ़ करो."

तेही केलं. आता चाकांना अडवणारं कोणी उरलं नाही. चिखलाचा एक मोठा लपका मागे उडाला आणि मदतीला आलेल्या खाँसाहेबांच्या कुर्त्यावर, छातीपासून गुडघ्यापर्यंत, बसला.

"अरे बाप रे! सॉरी, सॉरी खाँसाहेब!"

"कोई बात नहीं हुज़ूर," छातीवरचा चिखल पुसत ते म्हणाले. "मिट्टी तो अपनी ही है."

"आता तरी थांबा," सुजाता म्हणाली. "कुर्ता गेला. आता टोपीची वाट बघताय का?"

मी थांबलो नाही. अण्णा शेजारी बसले होते आणि त्यांचा उजवा पाय आता ब्रेक दाबत नव्हता. त्यांनी तो वर घेऊन मांडी घातली होती! ब्रेकची गरज संपली, हे त्यांना दिसत होतं. मला रडू यायचं बाकी होतं. मी पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं, आणि पडद्यावर पिवळा त्रिकोण उगवला.

"पापा, इसका मतलब है सिस्टम गरम हो गया," ओवी म्हणाली. "अब पीछे के पहिए काम नहीं करेंगे. आराम करने दो."

गाडी आता सेल्समनने आधी दाखवलेल्या, दोनच चाकांच्या जोरावर चालणाऱ्या स्वस्त मॉडेलइतकीच उरली होती.

"प्रशांतराव," गाडी रुतल्यापासून अण्णा पहिल्यांदाच बोलले. "पाय काढा."

मी पाय काढला. इंजिन बंद केलं. अण्णा उतरले, चपला हातात घेतल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि चारही चाकांभोवती फिरून आले.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"आंबे खाऊन होईपर्यंत," ते म्हणाले.

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण ते खरोखरच झाडाखालच्या बाजेवर जाऊन बसले. खाँसाहेबांनी पाण्यात टाकलेल्या दशहरीची बादली पुढे ठेवली. अण्णांनी सावकाश सात आंबे चोखले. हापूसच्या मुलखातला माणूस. स्तुतीचा एक शब्द नाही, पण आठव्याला हात घातला.

"घाटात गाडी तापली की आम्ही काय करायचो?" ते म्हणाले. "गाडी उभी करायची आणि चहा प्यायचा. तापलेल्या गाडीशी आणि तापलेल्या बायकोशी झटापट करू नये."

"अण्णा!" सुजाता.

"तुझ्या आईक सांगू नको."

मग त्यांनी चाकांपुढे आंब्याची सुकी पानं आणि रिकामी पोती अंथरायला लावली, टायरमधली थोडी हवा काढली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसले. ढकलायला मी, सुजाता आणि खाँसाहेब. त्यात खाँसाहेब मला मधली जागा देऊ लागले, "आप तशरीफ़ लाइए," आणि मी त्यांना, "नहीं नहीं, आप." शेवटी सुजाता ओरडली, "दोघंही लावा हो हात!"

अण्णांनी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि अ‍ॅक्सिलरेटरवर नुसता अंगठा टेकवल्यासारखा केला. पिवळा त्रिकोण विझला होता. मागच्या चाकांशी रेघा उमटल्या. गाडी डुलली, थोडी मागे आली, पुढे झाली आणि कूस बदलल्यासारखी सहज वर चढून निघून गेली. ती इतक्या अलगद गेली, की मी जोर लावतच राहिलो. समोर गाडी नव्हती. मी त्या उत्तम वाफशात तोंडावर पडलो.

परत येताना गाडी अण्णांनीच चालवली. मी मागे, खाली वर्तमानपत्र अंथरून, मांडीवर आंब्याची पेटी घेऊन बसलो होतो. माझी बारा वर्षांची आशा त्या चार खड्ड्यांत पुरून आलो, असंच मला वाटत होतं. खरं सांगतो, फार वाईट वाटलं.

घरी आल्यावर मी दोन बादल्या पाणी डोक्यावर ओतून बाहेर आलो, तर अण्णा बाल्कनीत कणकवलीला माझ्या मेहुण्याशी फोनवर बोलत होते. मी पडद्याआड थांबलो. (चोरून ऐकणं वाईट, पण तेव्हा माझी अब्रू आधीच वाळत घातलेली होती.)

"गाडी चांगली आसा रे," अण्णा सांगत होते. "चारय चाकांनी वढता. आणि जावय पण चांगलो आसा."

मी जागच्या जागी उभा राहिलो. चांगलो! स्वच्छ, खणखणीत, माझ्याबद्दल! डोळ्यांत पाणीच आलं. पुढचं ऐकायलाही न थांबता मी तसाच ओल्या केसांनी चौकात गेलो, घरासाठी गरम जिलब्या आणल्या, शेजारच्या वहिनींना दिल्या, वर "अण्णा मला चांगला म्हणाले" हेही सांगून आलो.

"चांगला म्हणाले खरे," सुजाता जिलबी मोडत म्हणाली. ती बाल्कनीतच कपडे वाळत घालत होती, तिने वाक्य शेवटपर्यंत ऐकलं होतं. "पुढे म्हणाले, 'फकत दोघांक एकत्र सोडूक नये.'"