सकाळी हाय हाय, दुपारी या या!

आमच्या संस्थेत किस्से शोधावे लागत नाहीत. ज्या ऑफिससमोर सकाळी घोषणा द्यायच्या, त्याच ऑफिसात दुपारी चहा प्यायचा असला की ते आपोआप साठतात! काम मुलांच्या हक्कांचं, तालुका पेण, आणि समोर बाल विकास खात्याच्या आमच्या मॅडम.

जिते गावाच्या पुढे डोंगरालगत एक वाडी आहे. तिची अंगणवाडी ओढ्यापलीकडे, गावात. ओढा भरला की वाडीतल्या चिमुरड्यांचा खाऊ बंद, गाणी-गोष्टी बंद. वाडीला स्वतःची अंगणवाडी हवी, एवढ्यासाठी आमचं सगळं भांडण!

*

एकदा आमचं धरणं चालू असताना मॅडमच धावत बाहेर आल्या. "अहो, रोह्यात आपल्या पेणच्या पोरीचं लग्न लावतायत. नववीतली आहे! आमची जीप बंद पडलीय, तुमचा टेम्पो काढा!"

काढला. मॅडम पुढे बसल्या. रोह्यात शिरताना ड्रायव्हरचा हात कुठल्या बटणाला लागला कोण जाणे, टेम्पोवरच्या भोंग्यावर सकाळच्या घोषणांचं रेकॉर्डिंग सुरू झालं: "बाल विकास अधिकारी, हाय हाय!"

आम्हाला मेल्याहून मेल्यासारखं झालं! मॅडम म्हणाल्या, "राहू दे. मांडवात कळू दे कोण आलंय ते!"

लग्न थांबलं, बरं का!

*

मग त्या ओढा बघायला आल्या. मध्यावर चप्पल वाहून गेली. वाडीतल्या कमळाबाईने ती पकडली आणि पाठीमागे लपवली.

"आधी अंगणवाडी दे गो बाय, मंग चप्पल!"

"माझ्या हातात असती तर कधीच दिली असती. जिल्ह्याच्या, अलिबागच्या साहेबांची मंजुरी लागते."

"मंग चप्पल बी त्यांनाच देईन!"

मॅडम अनवाणी परतल्या. जाताना मला हळूच म्हणाल्या, "उपोषणाला बसा हो. तुम्ही बाहेरून रेटा, मी आतून ओढते." अशा बाईशी भांडायलासुद्धा मजा येते!

*

आणि मग तो दिवस! आमचं उपोषण आणि मॅडमचा पोषण सप्ताह, दोन्ही एकाच आवारात. दोन्ही फ्लेक्स पेणच्या एकाच दुकानातले, आणि त्या पठ्ठ्याने 'उ' नेमका चुकीच्या फ्लेक्सवर टाकलेला. आमच्या मंडपावर 'बेमुदत पोषण', मॅडमच्या टेबलामागे 'उपोषण सप्ताह'! बदलायला वेळ कुठला? सप्ताहाच्या उद्घाटनाला अलिबागचे साहेब गेटमधून आत येत होते.

साहेब थेट आमच्याकडे आले. "वा! नुसता सप्ताह नाही, बेमुदत! असं काम पाहिजे!" पत्रकारांचे कॅमेरे सुरू झाले.

कमळाबाई उठली. "पन साहेब, पोषण ओढ्यापल्याड हाय. पोरं जातील कशी? वाडीत अंगणवाडी द्या!"

साहेब रंगात आले होते. "दिली! याच महिन्यात सुरू करा!"

कॅमेऱ्यासमोर! टाळ्यांचा नुसता कडकडाट! खरं सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मग साहेब वळले. समोर मॅडम, डोक्यावर 'उपोषण'. साहेबांचा चेहराच उतरला.

"मॅडम, तुम्हीसुद्धा बसलात?"

मॅडमनी टेबलावर प्रदर्शनाला मांडलेला नाचणीचा लाडू उचलला.

"बसले होते, साहेब. मागणी मान्य झाली, सोडते!"