हरवल्यास या नंबरवर फोन करा

चहाचा घोट आधी गिळा बाई, मग ऐका, नाहीतर हसताना माझ्याच अंगावर उडवाल. हा घोळ मी पार परदेशात जाऊन घातलाय. सोलापुरात घालायला जागा उरली नव्हती ना!

आमच्या चर्चचं रवांडातल्या एका चर्चशी जुनं नातं. तिकडची माणसं इथं येऊन कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन गेलेली. यंदा आम्ही आठ जण तिकडं गेलो. निघताना पाळकसाहेब म्हणाले, "संध्याताई, माणसं मोजायचं काम तुमचं."

झालं! वीस वर्षं संडे स्कूलची पोरं मोजणारी बाई मी. प्रत्येकाच्या गळ्यात कार्ड अडकवलं. इंग्रजीतून नाव, आणि खाली 'हरवल्यास या नंबरवर फोन करा.' आठही पासपोर्ट माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये. तिथं चालणारा फोनही फक्त माझाच. थोडक्यात काय, पंतप्रधान मीच!

माझा सगळा राग निघायचा शांतामावशीवर. सांगोल्याची, सत्तरीची. शेरडू दिसलं की हिची पावलं थांबलीच.

"मावशी, हरवाल!"

"हरवते कुटं? तू हायस की मोजायला."

शेवटच्या दिवशी नरसंहाराचं स्मारक बघायचं होतं. आमच्यासोबत तिथल्या चर्चच्या बायाही होत्या. पाळकसाहेबांनी आधीच सांगितलं, "बाहेर आल्यावर कुणी बोलायचं नाही. गाडीतही नाही. मनातल्या मनात प्रार्थना करायची."

आतलं मी हसत सांगणार नाही. एका खोलीत लहान लेकरांचे फोटो होते, आणि खाली लिहिलेलं, कुणाला काय खायला आवडायचं. मला माझा वर्गच दिसायला लागला. बाहेर आले ती पदर डोळ्यांना लावूनच. समोर पांढरी मिनीबस उभी होती. चढले. बसले.

मोजलं का? नाही मोजलं.

शेजारी एक धिप्पाड बाई. तिनं माझा हात हातात घेतला. मला वाटलं, असेल त्यांच्या चर्चची, कालच तर सगळ्यांची ओळख झालेली. तिनं रुमाल दिला, मी घेतला. तिनं खांदा दिला, मी तोही घेतला. रडता रडता कधी डोळा लागला, देवाला माहीत.

जाग आली ती गाण्यानं. अख्खी बस गात होती! खिडकीबाहेर डोंगर आणि केळीच केळी. मी सवयीनं मागं वळून मोजायला लागले. एक... एक कुठाय? मावशी कुठाय? पाळकसाहेब? बसमध्ये साडी नेसलेली मी एकटी!

दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, आणि आठ जणांचे पासपोर्ट माझ्या पोटावर!

"ही गाडी कुठं चाललीय?" मी माझ्या सोलापुरी इंग्रजीत किंचाळले.

"आमच्या गावाला," बाई म्हणाली. "दोन तास झाले की."

"मग मला आधी विचारायचं नाही का?"

"तू एवढी रडत होतीस. रडणाऱ्या माणसाला तिकीट विचारतात होय? आम्हाला वाटलं, ड्रायव्हरची पाहुणी असेल."

ड्रायव्हरची! मागं पाच-सहा जणी खुदखुदल्या.

बाई लई शांत. तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड उचललं, वाचलं, आणि तिचा चेहरा खुलला. "अगं, यात नंबर आहे! काळजी कशाला?" लगेच तिनं फोन लावला.

माझी पर्स थरथरायला लागली.

हो. आठही कार्डांवर नंबर माझाच! म्हणजे मी हरवले, तर मलाच कळवायची सोय मी करून ठेवलेली.

पण त्या थरथरीनंच वाचवलं. स्मारकात मी फोनचा आवाज बंद केला होता. बाहेर काढला तर एकाच अनोळखी नंबरचे सतरा मिस्ड कॉल. लावला, तर पाळकसाहेब! तिथल्या कुणाचा तरी फोन घेऊन बसलेले.

"संध्याताई! अहो आहात कुठं?"

"साहेब, निघताना मोजलं नाही कुणी?"

"मोजायचं काम तुमचं होतं की!"

"मग कळलं कसं?"

"चहाला बसल्यावर शांतामावशी म्हणाल्या, आज कुणी वरडंना कसं?"

बसवाल्यांनी मला सोडलं नाही हो. रस्त्याकडेच्या एका दुकानापाशी गाडी थांबवली, आणि आमची गाडी येईपर्यंत सगळे माझ्याभोवती गात बसले. दोन तास! आमची पांढरी मिनीबस वळणावर दिसली एकदाची. मी त्या बाईला अशी मिठी मारली, की तिचीच गाडी चुकायची वेळ आली.

शांतामावशी खाली उतरली. रागावली नाही, काही नाही. आधी माझा पाऊच चाचपला. मग बोट माझ्या छातीवर टेकवलं आणि म्हणाली, "आठ."

विमानतळावर आमचे सातही जण माझ्याकडं बघून हसतायत. मला वाटलं, साडी छान दिसतेय.

सोलापुरात येऊन गळ्यातलं कार्ड काढलं, तेव्हा कळलं. मागच्या बाजूला मावशीच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं होतं: 'सापडल्यास शांतामावशीकडं आणून देणे.'